पगारी खेळाडूचा सत्कार

फुटबॉलच्या मैदानावर माणूस हुद्दा विसरतो, असं थॉर्पसाहेब दर हिवाळ्यात सामन्यानंतर भाषणात सांगत. मग साहेबलोक खुर्च्यांवर चहा घेत आणि कारकून वाळूत बसून.

दुबईच्या खाडीवरच्या त्या ब्रिटिश कंपनीत १९६४ साली दाभोळचा इद्रीस हेडक्लार्क होता. शेजारच्या कंपनीने त्याला वरच्या जागेवर बोलावलं होतं, पण थॉर्पसाहेब नोकरीतून मोकळं केल्याची सोडचिठ्ठी देईनात. आणि तिच्याशिवाय त्याला कुणी उभं करेना. बढती मागितली की ‘तू अजून तयार नाहीस’. जातो म्हटलं की ‘तुझ्यावाचून ऑफिस अडेल’. इद्रीस आतून धुमसत होता.

नाताळात साहेबाचे वडील आले. म्हातारा धक्क्यावर बसे, इद्रीस त्याला चहा नेऊन देई. म्हातारा आपली हकिगत सांगे: पोरपणी तो कापडगिरणीत होता. मग क्लबाने पगारावर खेळायला घेतलं. डाव्या बगलेने असा पळायचा, की अख्खी गिरणी ओरडायची. पुढे गुडघा गेला. क्लब खेळवीना, आणि दुसऱ्या क्लबाकडे सोडीही ना.

“कोळसा उपसत होतो,” म्हातारा म्हणाला, “आणि कागदावर त्यांचाच खेळाडू!”

इद्रीस तडक हमीदकडे गेला. “अरे, हा तर आपल्यातलाच निघाला!”

“मग कर सत्कार, बावा,” टायपिस्ट हमीद म्हणाला. “बापाचं कौतुक ऐकून पोरगा विरघळेल. सही करून टाकेल.”

सामन्यानंतर आभार इद्रीसकडे होते. कोकणात पाहुण्याची ओळख करून देताना आधी नोकरी सांगतात. नवऱ्या मुलाचं तोंडसुद्धा पगारानंतर बघतात. इद्रीसने अभिमानाने सांगितलं, “साहेबांचे वडील गिरणीतली मजुरी सोडून फुटबॉलच्या पगारी नोकरीत लागले!”

वाळूतून टाळ्या कडाडल्या. खुर्च्यांवरचे हात कपांवरच राहिले. त्या मंडळींत पैसे घेऊन खेळणं हलकं समजत, आणि थॉर्पसाहेबाने वडील गिरणीमालक असल्याचं सांगून ठेवलं होतं. म्हातारा मात्र उठून, खुशीत, चारी दिशांना वाकला.

“इनफ, इद्रीस!” थॉर्पसाहेब ओरडले.

“का इनफ?” इद्रीसचा बांध फुटला. “त्यांच्या क्लबाने केलं तेच तुम्ही करताय. वर चढवायचं नाही आणि सोडायचंही नाही! मी काय तुमच्या खुंट्याची बकरी?”

“खरं बोलतोय तो,” म्हातारा गरजला. “सोड त्याला, जॉर्ज!”

“सोडला! आत्ताच्या आत्ता!”

“खलास,” हमीद पुटपुटला. “सुटलास, बावा.”

सोडचिठ्ठी दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली. शेजारच्या कंपनीचा मॅनेजर सामन्याला थॉर्पसाहेबाच्या बाजूच्याच खुर्चीत बसला होता. त्याने दुपारी निरोप धाडला, जागा भरली.