चार सारख्या मुठी

नाताळाआधी घराला रंग काढला आणि सासूबाईंचं कपाट माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं. जुन्या घाटाचं, सागवानी, चार ड्रॉवरचं. पण मुठी? एकाला दोऱ्याचं रीळ, दुसऱ्याला पेरूच्या फांदीचा तुकडा, तिसऱ्याला बाटलीचं बूच, चौथ्याला नुसती सुतळीची गाठ. मूठ तुटली की सासरे हाताला लागेल ते ठोकून द्यायचे. ते गेले, ठिगळं राहिली.

मी निर्मळ गावात नरहरीभाऊंकडे गेले. ते लेथवर लाकूड कातून जुन्या कपाटांच्या मुठी बनवतात. त्यांनी चार मुठी तंतोतंत सारख्या करून दिल्या. जुन्या मी बंबात घातल्या. शाळेतली नोकरी, घर, सासूबाई, सगळं ओढून मी पार थकले होते. निदान एक वस्तू तरी नीटनेटकी दिसली.

माझ्या सासूबाई अँजेलिना शहाऐंशीच्या. डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. तरी आपलं लुगडं आपण काढायच्या, औषध आपण घ्यायच्या, कुणाला हाक नाही. हे कसं जमतं, ते बारा वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं.

रविवारी चर्चमध्ये मिस्साला निघताना बघते तर त्या ओटीवर तयार बसलेल्या, अंगावर कोरं लाल लुगडं. सगळ्यांत खालच्या ड्रॉवरमधलं. मेल्यावर नेसवायचं म्हणून त्यांनी स्वतः घडी घालून ठेवलेलं.

"आई, हे कुठलं लुगडं?"

त्यांनी पदर नाकाशी नेला. डांबरगोळ्यांचा वास त्यांना कळला.

"बूच सापडलं नाय गो, बाय," त्या हळूच म्हणाल्या. "सगळीकडे एकच मूठ लागते हाताला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारीच पुन्हा निर्मळ गाठलं. "चार वेगवेगळ्या करून द्या," मी नरहरीभाऊंना म्हटलं. "एक रिळासारखी, एक ओबडधोबड, एक बुचासारखी, एक गाठीसारखी."

"वहिनी, आधीच सांगायचं ना. सगळं नाताळचं काम पडलंय."

"मला तरी कुठे ठाऊक होतं?" मी खेकसले. राग त्यांच्यावर नव्हता.

तीन आठवडे लागले. तीन आठवडे दिवसातून वीसदा सासूबाईंची मला "ब्रेंडा!" अशी हाक. मी हवं ते काढून दिलं, पण ड्रॉवर आपटून बंद केले. खोटं कशाला सांगू, रोज आपटले.

मुठी आल्या, बसवल्या. सासूबाईंचा हात धरून मी एकेकीवर फिरवला. बुचावर त्यांची बोटं थांबली.

"लुगड्याची," त्या म्हणाल्या.

"बरोबर! आता तुम्हीच काढा."

त्यांनी हात मागे घेतला. "नको. चुकले तर तुला परत त्रास."

"नाही होणार त्रास. ओढा ना, आई," मी अक्षरशः विनवलं.

त्या चाचपडत खाटेवर जाऊन बसल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मी लुगडं काढून द्यायची वाट बघू लागल्या.