पिवळ्या डोळ्याचं पाखरू

"मास्तर, पाय काढा हो जरा, माझा हात चेंगरेल," मशीनखालून मिस्त्रींचा आवाज आला.

"माझे पाय नाहीत ते. स्टूल आहे."

"मग स्टुलाला सांगा."

मास्तरांनी स्टूल उचलून बाजूला ठेवलं. भरतकामाचं ते सहा सुयांचं मशीन त्या मंगळवारी सकाळपासून रुसून बसलं होतं. दर दहा टाक्यांनी धागा तोडत होतं, आणि शनिवारपर्यंत शंभर बिल्ले द्यायचे होते. शाळेच्या खिशावरची चिन्हं, दवाखान्याच्या कोटांवरची नावं, खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे, असं सगळं मास्तर गेली तीस वर्षं या एका खोलीत भरत आले होते. या कामात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांना स्वतःला जरा जास्तच ठाऊक होती. मशीन अडलं की मात्र त्यांचं काही चालत नसे. मग पाच दारं सोडून राहणाऱ्या मिस्त्रींना हाक मारायची. मिस्त्री नदीपलीकडच्या मुलखातले. तरुणपणी एका पेटीनिशी तिकडून उठून इकडे आले. का आले, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मास्तरांनीही कधी खोदून विचारलं नाही.

मिस्त्री गुडघ्यावर हात टेकत बाहेर आले, फडक्याला तेलकट बोटं पुसली. पुसता पुसता त्यांची नजर टेबलावर गेली. तिथे नमुन्याचा बिल्ला पडला होता. उघडी खिडकी आणि तिच्यातून बाहेर उडणारं निळं पाखरू.

"हे कोणाचं काम?"

"सकाळी फिरायला जाणाऱ्यांचं मंडळ आहे म्हणे. टोप्यांवर लावणार. शंभर दिले मागच्या आठवड्यात, आता हे दुसरे शंभर." मास्तरांची कळी खुलली. "कसं झालंय सांगा की! कागदावर आणलं तेव्हा पाखराला डोळाच नव्हता. मी म्हटलं, आंधळं पाखरू कसलं उडतंय? पिवळ्या धाग्याची एक गाठ मारली. बस्स! जिवंत झालं बघा."

मिस्त्रींनी बिल्ला उचलला, उजेडात धरला, त्या पिवळ्या गाठीवरून अंगठा फिरवला.

"डोळा तुम्ही घातलात?"

"मग! दुसरं कोण घालणार?"

"चांगला जमलाय," मिस्त्री म्हणाले आणि बिल्ला होता तिथे, होता तसा ठेवून पुन्हा मशीनखाली गेले.

नंतर ते काही बोलले नाहीत. एरवी पान्यापेक्षा त्यांचं तोंड जास्त चालायचं. अर्ध्या तासानं मशीन असं सुरू झालं की जणू कधी अडलंच नव्हतं. मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली आणि मशीनच्या खालच्या झाकणावर आतून काहीतरी खरडलं. दर दुरुस्तीला ते तसं खरडत. मास्तरांनी तिथे कधी वाकून पाहिलं नव्हतं. ते म्हणत, ते झाकण मिस्त्रींचं आणि वरचं मशीन माझं.

"चहा?" मास्तरांनी विचारलं.

"आज नको."

तीस वर्षांत मिस्त्रींनी चहाला नको म्हटल्याचं मास्तरांना आठवेना. पोट बिघडलं असेल, असं म्हणून ते कामाला लागले.

ती ऑर्डर घेऊन आला होता एक चष्मेवाला गृहस्थ. कपडे इस्त्रीचे, बोलणं अगदी मवाळ, बसायच्या आधी खुर्चीला हात लावून "बसू का?" असं विचारणारा. अशी गिऱ्हाइकं हल्ली मिळतात कुठे? डोळा घातलेला नमुना पाहून तो खूश झाला होता. "वा! राहू द्या हा डोळा. आता पाखराला दिसतंय, कुठे जायचं ते." मास्तरही हसले होते. मग जाता जाता त्यानं सहज विचारलं होतं, "तुमच्या गल्लीत पाहुणे किती हो?"

"पाहुणे? आमच्याकडे कोण येतंय!"

"तसं नाही. मशीन बघायला येतात ते तुमचे मिस्त्री, पलीकडचेच ना? आणि आणखी कोण कोण आहेत?"

पलीकडून आलेले कोण कोण, ते मास्तरांनी भोळेपणानं सांगून टाकलं होतं. एक मिस्त्री, एक इस्त्रीवाली, एक दवाखान्यातली नर्स. चष्मेवाल्यानं मान डोलावली, आभार मानले आणि तो गेला. गप्पांत माणूस शंभर गोष्टी विचारतो, त्यातली ही एक, असं मास्तरांना वाटलं होतं.

गुरुवारी सकाळी दुकानाकडे जाताना मास्तर मिस्त्रींच्या दारासमोर थबकले. दारावर हातभर मोठं पाखरू रंगवलेलं होतं. खिडकी, निळे पंख आणि पिवळा डोळा.

खोटं कशाला बोला, मास्तरांना आधी आनंदच झाला. आपलं पाखरू! कुणाला तरी एवढं आवडलं की त्यानं रंगात उतरवलं! शेपटी जरा जाड झालीय, आपल्याला विचारलं असतं तर सांगितलं असतं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. ही गोष्ट मास्तरांनी पुढे बायकोशिवाय कुणालाच सांगितली नाही, आणि तिला सांगतानाही मान वर केली नाही.

मग त्यांना ब्रशचा आवाज आला. पलीकडे इस्त्रीवाली आपलं दार घासत होती. रोज "काय मास्तर, आज उशीर?" म्हणून हटकणारी ती बाई आज वळलीसुद्धा नाही. तिच्या दारावरचा निळा रंग फेसाबरोबर पायरीवर उतरत होता. तिच्या शेजारचं दार कोरं. त्याच्या शेजारचं कोरं. मग नर्सचं दार, त्यावर पाखरू. मास्तर गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि तसेच परत आले. बावीस दारं होती. तिघांच्याच दारांवर पाखरं बसली होती, आणि ती तीन नावं त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितली होती.

पाहुणे म्हणजे कोण, खिडकी कोणासाठी उघडी आहे आणि पाखरानं कुठे जायचं आहे, हे सगळं त्या भर सकाळी, दूधवाल्याची सायकल शेजारून जात असताना, त्यांच्या डोक्यात लख्ख झालं.

मिस्त्रींचं दार लोटलेलं होतं. आत मिस्त्री जमिनीवर बसून पाने वर्तमानपत्रात गुंडाळत होते. लहान, मग मोठा, मग त्याहून मोठा.

"या मास्तर. खुर्चीवरचं सामान खाली ठेवा आणि बसा."

मास्तर बसले नाहीत. "तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले. "परवा बिल्ला हातात घेतलात तेव्हाच."

"होय."

"मग बोलला का नाहीत? दोन शब्दांत सांगायचं होतं, मी ते काम तिथेच फेकून दिलं असतं!"

मिस्त्रींनी एक पाना गुंडाळून पूर्ण केला. "काय सांगणार? तुम्ही एवढ्या कौतुकानं डोळा दाखवत होतात."

मास्तरांनी खुर्चीवरचं सामान खाली ठेवलं आणि ते बसले.

"आमच्या गावातही हेच होतं," मिस्त्री शांतपणे सांगू लागले. "आधी टोप्यांवर आलं. मग दारांवर. तेव्हाही लोक म्हणायचे, पाखरू तर आहे, त्याला काय घाबरायचं? पण तिथं त्याला डोळा नव्हता."

"मिस्त्री, मला खरंच कल्पना नव्हती हो."

"ते मला ठाऊक आहे. ठाऊक नसतं तर मशीन तसंच टाकून आलो असतो."

"दुरुस्त तरी का केलंत?"

"मशीनचा काय दोष? शाळेचं काम त्याच्यावरच होतं ना?" मिस्त्री किंचित हसले. "रविवारी निघतोय मी. मुलीकडे. कधीची मागे लागलीय."

"जाऊ नका. मी आहे ना इथे!"

"तुम्ही होतात म्हणून तर तीस वर्षं राहिलो," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी पुढचा कागद ओढला.

मास्तर दुकानात आले. बुधवारी रात्र पडायच्या आत भरून झालेले शंभर बिल्ले टेबलावर गठ्ठ्यानं पडले होते. ते त्यांच्याकडे बघत बसून राहिले. दुपारी बायको डबा घेऊन आली. तिनं सगळं ऐकून घेतलं. ती रागावली नाही, रडली नाही. पदर खोचला आणि म्हणाली, "नुसतं बसून काय होणार आहे? चष्मा लावा आणि उसवायला घ्या. दुसरी सुई मला द्या."

"कापडच फेकून देऊ की."

"फेकलेलं कुणीही उचलतं. उसवा."

दोघं दीड दिवस उसवत बसले. पंख भराभर सुटले, खिडकीही सुटली. डोळा काही सुटेना. मास्तरांनी गाठ पक्की मारली होती, त्यांची सवयच तशी. शेवटी एकेक डोळा कापून काढावा लागला आणि शंभर कापडांवर शंभर भोकं राहिली.

शनिवारी चष्मेवाला आला. "बसू का?" त्यानं विचारलं.

"नको," मास्तर म्हणाले. आयुष्यात गिऱ्हाइकाला त्यांनी पहिल्यांदाच असं सांगितलं असेल. "बिल्ले नाहीत. उसवले मी."

चष्मेवाल्यानं टेबलावरचा निळ्या-पिवळ्या धाग्यांचा ढीग पाहिला. "अहो, एवढं काय त्यात? साधं पाखरू आहे."

"साधं असतं तर बावीसही दारांवर बसलं असतं. तीनच का निवडली?"

"मी तर दारं रंगवत नाही बुवा."

"नावं मात्र विचारून गेलात. आणि मी मूर्ख, सांगून बसलो. पुन्हा या दुकानाची पायरी चढू नका."

चष्मेवाला रागावला नाही. तो रागावला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्यानं चष्मा पुसला, डोळ्यांवर ठेवला. "तुमचा जीव कशाला त्रासात घालू? दुसरीकडून करून घेऊ. नमुना आहेच आमच्याकडे." दारात तो वळला. "डोळा मात्र तसाच ठेवू हं. छान दिसतो."

रविवारी मास्तर आणि त्यांची बायको मिस्त्रींना गाडीपर्यंत पोचवायला गेले. एक पेटी मास्तरांनी उचलली. ती इतकी जड होती की बोलायला दम उरला नाही, आणि ते एका परीनं बरंच झालं.

नंतर सहा महिने मशीन नीट चाललं. मग एका दुपारी, शाळेच्या कामात, त्यानं पुन्हा धागा तोडायला सुरुवात केली. मास्तरांनी फोन उचलला.

"काय म्हणतंय?" पलीकडून मिस्त्रींनी विचारलं. मास्तर कसे आहेत, हे नंतर. आधी मशीन.

"ऐका तुम्हीच." मास्तरांनी फोन मशीनला लावला.

"हं. खालचं झाकण काढा. आडवं व्हावं लागेल हो मास्तर, उभ्यानं नाही जमायचं."

मास्तर कण्हत, कुंथत आडवे झाले. स्क्रू फिरवले आणि झाकण हातात आलं. त्याच्या आतल्या बाजूला वरपासून खालपर्यंत पेन्सिलीनं लिहिलेल्या तारखा होत्या. तीस वर्षांच्या. प्रत्येक तारखेपुढे दुरुस्ती आणि तिच्यापुढे 'पुढचं तेल' म्हणून आणखी एक तारीख. पट्टा बदलला, पुढचं तेल अमुक दिवशी. सुई सरळ केली, पुढचं तेल तमुक दिवशी. एकही ओळ चुकली नव्हती.

शेवटची ओळ त्या मंगळवारची होती. दुरुस्ती लिहिलेली होती. 'पुढचं तेल' असंही लिहिलं होतं. त्याच्यापुढे जागा कोरी होती.

म्हणजे दारं रंगायच्या दोन दिवस आधी, इथे, या फरशीवर आडवं पडून मिस्त्रींनी जायचं ठरवलं होतं, आणि वर मास्तर डोळ्याचं कौतुक सांगत उभे होते.

"सापडलं का?" फोनमधून आवाज आला.

"मिस्त्री," मास्तर म्हणाले, "इथे पुढची तारीख लिहायची राहिलीय."

पलीकडे एक लहान मूल लांब कुठेतरी हसलं.

"तुम्हीच लिहा मास्तर," मिस्त्री म्हणाले. "आता तेल तुम्हालाच घालायचंय. डावीकडे एक छोटं भोक आहे बघा. तीन थेंब, जास्त नाही."

मास्तरांनी तीन थेंब मोजून घातले. मग कानामागे पेन्सिल आहे का ते चाचपलं. नव्हती. ती त्यांची सवयच नव्हती. "अगं, पेन्सिल देतेस का?" त्यांनी बायकोला हाक मारली, आणि ती येईपर्यंत ते झाकण छातीवर धरून तसेच फरशीवर पडून राहिले.