विकणे आहे, दुसरा माळा

बोर्ड माह्या जवायानं लिहला. निळ्या रंगानं, स्वतःच्या हातानं. "फ्लॅट विकणे आहे. एक खोली, स्वयंपाकघर, संडास-न्हाणी आतच. भेटा : आनंदाबाई, दुसरा माळा." अन् जिन्यापाशी खिळा ठोकून लावूनही टाकला. मले इचारलं का कोणी? नाई. नलू, माही पोरगी, म्हणे, "आई, बाबा गेले, आता एकटी काऊन राह्यतं इथं? विकून टाक अन् चाल अकोल्याले."

अकोल्याले नलूचे सासू-सासरे, दीर, जावा, सगळे एका घरात. तठी मी पाहुणी म्हणून चार दिवस बरी. जन्मभराची पाहुणी व्हायचं मले नाई जमत बापा. पण जवायासमोर कोण तोंड चालवते? मी चूप राह्यली अन् बोर्ड लागला.

हिंगणघाटात फ्लॅटची ही पहिलीच बिल्डिंग. पहले इथं शेठची जिनिंग होती. मी पोरसवदा होती तवापासून रेच्यावर बसली. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढाची मशीन. मी वरून कापूस टाको, समोरून रुई निघे, खाली सरकी पडे. नलूचे बाबा तठीच, रुईच्या गाठी बांधाच्या प्रेसवर फिटर होते. सारे रेचे संगच सुरू झाले का असा गडगडाट होये, बाजूच्या बाईले चिमूटभर तंबाखू मागाचा तरी कोकलाव लागे. मंग घरीही तसंच बोलणं. जिनिंगच्या बाया रस्त्यानं निघाल्या का गावाले आधी ऐकू येत, मंग दिसत. लोक हासत. हासो बापा, आमचं काय जाते!

जिनिंग बंद पडली, शेड मोडली, अन् चौऱ्याऐंशीत शेठनं त्याच जागेवर ही बिल्डिंग उभी केली. नलूच्या बाबाले त्यायच्या हिशेबात हा फ्लॅट भेटला. बरोबर जिथं माहा रेचा होता, त्याच्याच वर, दोन माळे हवेत. ते मोठ्या हौसेनं म्हणत, "पाय बरं, तुही जागा वर सरकली." वर्ष-दीड वर्ष राह्यले अन् गेले.

फ्लॅट काय चीज असते ते मले मंग समजलं. दार लागलं का संपलं. चाळीत होतो तवा एकीची भाजी दुसरीच्या ताटात जाये, भांडणही साऱ्यायचं मिळून होये. इथं समोरच्या दारात कोण राह्यते हेच मले कितीतरी दिवस माहीत नव्हतं. पहले पहले मी गॅलरीतून भाजीवालीले आवाज दिला, तं खालच्या माळ्यावरचे ओमप्रकाशजी वर आले. कापडाचं दुकान आहे त्यायचं. हात जोडून म्हणे, "बाई, जरा धीरे. लेकरं झोपून राह्यले." चुकलं म्हटलं. तवापासून मी हळू बोलाले लागली. अन् हळू बोलता बोलता माणसाचं बोलणंच बंद होते, हे मले कोणी सांगतलं नव्हतं. कधी तं पुरा दिवस जाये, तोंडातून शब्द नाई. मंग मी आपली दुधाच्या गंजासंगं, पातेल्यासंगं, बोलो. "काऊन बे, पुन्हा उतू गेला?" गंज काय जवाब देते!

अन् मंग हा बोर्ड लागला, तं लोक याले लागले!

घेणारे कमी, पाहणारे जास्त. हवेतलं घर कसं असते ते पाहाले. एक शेतकरी आला बायको घेऊन, साऱ्या खोलीत फिरला अन् म्हणे, "याच्या खालची आपल्या वाट्याची जमीन कोणती?" म्हटलं, "जमीन नाई, दादा. खाली ओमप्रकाशजी राह्यतात." "मंग इकत काय घ्याचं? पोकळी?" बायको म्हणे, "अन् पापड कुठी वाळवाचे वो माय?" इतकी हासली मी त्या दिवशी! पोहे केले, चहा केला, दोन वेळा केला. ते गेल्यावर कपबश्या तशाच राहू दिल्या जराशा.

किंमत मी अशी सांगो का माणसानं चप्पल घालून पळालंच पाहिजे. वरून खोटही मीच सांगो. नळ बारीक आहे, उन्हाळ्यात भट्टी होते, जिना उंच आहे. नलूचं पत्र ये, गिऱ्हाईक भेटलं का? मी कळवो, लोक येऊन राह्यले, पाहून राह्यले. खोटं थोडी होतं ते!

त्यातच वच्छलाबाई आल्या. समुद्रपूरच्या. शाळेत मास्तरीण होत्या, आता रिटायर, भाच्याच्या घरी राह्यत. बारीक अंगाच्या, आवाजही बारीक. सारं पाहलं अन् म्हणे, "नळाची धार काही बरोबर नाई." गेल्या. वाटलं, गेली ही. तं पुढच्या मंगळवारी एस.टी.नं पुन्हा हजर. म्हणे, खिडकी नीट पाहाची राह्यली. त्याच्या पुढच्या मंगळवारी म्हणे, ओटा उंच तं नाई? मंग दर मंगळवारी. पिशवीत वांगे नाई तं शेंगा घेऊन येत, माह्या नळाले नावं ठेवत, अन् शेवटच्या एस.टी.ची वेळ होईपर्यंत बसत. मले राग ये. माह्या नळाले बोलणारी ही कोण? अन् मंगळवारी उठल्या उठल्या मी तिच्यासाठी कप घासो.

भीती एकच होती. हिनं खरंच घेऊन टाकला तं? इचारलं का म्हणत, "अजून मन होत नाई." मी म्हणो, "नका करू घाई. घर आहे, भाजी थोडी आहे!"

मंग एका रविवारी केळझरचे पुंडलिकराव आले. लेकाले इथं नोकरी लागली, त्याच्यासाठी पाहाले. मी किंमत सांगतली. म्हणे, "चालते." म्हटलं, नळ बारीक आहे. "मोटर बसवू." उन्हाळ्यात भट्टी होते. "कूलर लावू." अन् माणसानं पिशवीतून नारळ काढला, त्याच्यावर एकशे एक रुपये ठेवले अन् माह्यासमोर धरले. "हा इसार. घ्या हातात."

इसार हातात घेतला का शब्द दिला. मंग मागं फिरता येत नाई. माहे हात पदरातून निघेचना. घेतला तं अकोला. नाई घेतला तं सारं गाव म्हणन, म्हातारी खेळ करते, अन् मंग जिना कोण चढते माहा? दोन्हीकडून मी एकटीच. रडूच आलं मले, खरं सांगते. अन् रडू आल्याचा राग निघाला त्या भल्या माणसावर.

"मले नाई विकायचा."

"मंग बोर्ड कायले लावला?"

"माहा बोर्ड, माहा खिळा! तुमचं काय गेलं?"

"तमाशा लावला का?" पुंडलिकराव लालबुंद झाले. धाडधाड जिना उतरले, बोर्ड उपटला अन् नालीत फेकून चालले गेले. मी आणाले नाई गेली. कोणत्या तोंडानं पुन्हा लावाचा?

सोमवारी कोणी आलं नाई. मंगळवारी मी तरीही कप घासले अन् गॅलरीत उभी राह्यली.

वच्छलाबाई कोपऱ्यावरून आल्या. जिन्यापाशी थांबल्या. नुसता खिळा होता तठी. त्याच्याकडे पाहत राह्यल्या किती वेळ. मंग पिशवी या हातातून त्या हातात घेतली अन् वर न पाहताच मागं फिरल्या. त्यायले वाटलं, विकला.

"वच्छलाबाई," मी म्हटलं. हळूच निघालं तोंडातून. सवयच पडली होती. मलेच धड ऐकू नाई आलं, त्यायले काय येते! त्या सडकेपर्यंत पोचल्याही. अन् मले एकदम धडकी भरली. इतके दिवस गोष्टी केल्या, पण समुद्रपुरात कोणत्या घरी राह्यतात, भाच्याचं नाव काय, काहीच नाई इचारलं मी. ही आज गेली तं गेलीच.

तवा माहा तो जुना आवाज निघाला. जिनिंगचा. साऱ्या रेच्यायच्या वरून जाणारा.

"वो वच्छलाबाईऽऽ! विकला नाई वोऽऽ! मले विकायचाच नव्हता!"

समोरचं दार उघडलं. खाली सायकलवाला थांबला. पाहू दे, म्हटलं.

वच्छलाबाई वळल्या. चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा घातला. अन् ती बारीक आवाजाची मास्तरीण भर सडकेवरून ओरडली, "मले तरी कुठी घ्याचा होता!"

"मंग माह्या नळाले काऊन नावं ठेवत होत्या?" मी वरूनच भांडली. "अन् तठी उभ्या काय राह्यल्या? पाय मोडले का? वर या ना!"

खालच्या गॅलरीतून ओमप्रकाशजीनं मान वर केली. "बाई, जरा धीरे..."

"आज नाई होत," म्हटलं. "माही पाहुणी आली."