साळुंके मॅडमचा डावा हात

आमच्या तालुक्यात विशेष शिक्षिका एकच असल्यामुळे ती सगळ्या शाळांना वाटून देण्यात आली, आणि आमच्या शाळेच्या वाट्याला तिचा डावा हात आला. कोपरापर्यंतचा. मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ होतं आणि ते चालू होतं. तालुक्याच्या शिपायाने हात टॉवेलात गुंडाळून मोटारसायकलवरून आणला, मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला आणि चहासाठी थांबला.

हिरेमठ सरांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. माझी मुलगी गिरिजा त्यांच्या शाळेत तिसरीत आहे. तिला काही विचारलं की ती तो प्रश्न आत कुठंतरी घेऊन जाते, आणि उत्तर घेऊन परत येईपर्यंत विचारणारा निघून गेलेला असतो. तिच्याजवळ बसणारं, थांबणारं माणूस हवं, एवढंच माझं मागणं होतं. त्यासाठी मी शाळेचे आणि तालुक्याचे उंबरठे झिजवले होते.

"आल्या बघा मॅडम," सर म्हणाले.

"हा हात आहे, सर."

"हात तर हात. नदीपलीकडच्या शाळेला नुसती पाठ मिळाली. पोरं काय शिकणार पाठीकडून?"

मिळालंय ते परत जाऊ नये म्हणून गप्प बसायचं, हे एव्हाना माझ्या अंगवळणी पडलं होतं.

हात कामाचा होता, खोटं कशाला बोलू. तो बाकावर गिरिजाशेजारी बसायचा. रव्याच्या ताटलीत तिचं बोट धरून अक्षर काढायचा, ताटली हलवून पुसायचा आणि पुन्हा काढायचा. त्याला घाई नव्हती. तिचं लक्ष उडालं की तळव्यावर हळूच थोपटायचा. दिवाळीच्या आधी तिने पहिल्यांदा स्वतःचं नाव काढलं. मी खिडकीतून पाहत होते, मला रडू आलं. शाळा सुटली की हात कपाटात जायचा, पृथ्वीच्या गोलाशेजारी.

अडचण एकच होती, हाताला ऐकू येत नव्हतं. गिरिजा काही सांगू लागली तरी तो आपला अक्षरच काढत बसायचा. मग तिने बोलणं कमी केलं, आणि मुळात ते होतंच किती. मॅडमचे कान कुठं आहेत याची मी चौकशी केली. ते माळावरच्या वस्तीशाळेत होते. मी शिवणाचं काम बाजूला सारलं आणि एसटीने गेले.

तिथल्या गुरुजींनी कान स्टीलच्या डब्यात ठेवले होते, झाकण लावून.

"झाकण कशाला?" मी विचारलं.

"वर्गात मी एकटाच. रागाच्या भरात तोंडातून काय काय जातं. उगाच त्यांच्या कानावर नको."

"गुरुवारचे आमच्याकडं द्याल का? संध्याकाळी मी स्वतः आणून देईन."

"ताई, एकदा दिलं की गेलं. आमच्या पोराला बोलता येत नाही, कान नुसते पडून आहेत. पण आहेत म्हणून ठेवायचे."

मी म्हटलं, मग निदान थोडं बोलू तरी द्या. त्यांनी झाकण काढलं. मी डब्यावर वाकून सांगितलं की गिरिजाला पाठीवर हात ठेवलेला चालतो, डोक्यावर चालत नाही. घंटा वाजली की ती बाकाखाली जाते. तिला नको असलं की ती 'उद्या' म्हणते. हे सगळं मी कुणाला सलग सांगितलंच नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. कान गरम झाले आणि डब्याला आतून वाफ धरली.

दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधीच हात गिरिजाच्या पाठीवर जाऊन बसला. ती बाकाखाली गेली नाही.

मग ते माझं कामच झालं. वस्तीशाळेत जाऊन डब्यात सांगायचं, परत येऊन हाताला कळलंय का ते बघायचं. ब्लाउज पडून राहिले, गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, एसटीच्या धक्क्यांनी माझी कंबर कामातून गेली. बाकीच्या आया मला म्हणायच्या, तुझं बरंय बाई, तुमच्या शाळेला हात तरी आहे. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांचं खरंही वाटायचं.

उन्हं तापायला लागली तेव्हा तालुक्याचे मुळीक साहेब शाळा बघायला आले. गिरिजाने त्यांच्यासमोर रव्यात स्वतःचं नाव काढलं. साहेब खूश झाले. पुढच्याच आठवड्यात शिपाई टॉवेल घेऊन आला आणि हात घेऊन गेला. मागे तर्जनी ठेवली.

"तिला येतंय की आता," हिरेमठ सर म्हणाले. "जिथं येत नाही तिथं जाऊ दे."

"हातामुळे येतंय, सर."

"मग बोटाने थोडं कमी येईल."

बोटाला दाखवता यायचं, पण धरता येत नव्हतं. ते रव्यात उभं राहून फळ्याकडे रोखलेलं असायचं आणि गिरिजा त्याच्याकडे बघत बसायची. ती पुन्हा बाकाखाली जायला लागली. मी तालुक्याला गेले.

मुळीक साहेबांच्या टेबलावर, पेनांच्या शेजारी, एका बशीत मॅडमचं तोंड होतं.

"हे आमच्याकडंच ठेवावं लागतं," साहेब म्हणाले. "बैठका असतात."

"होय साहेब," तोंड म्हणालं.

"साहेब, महिन्यातून एक दिवस तरी मॅडम सगळ्या पाठवा. एकच दिवस."

"सगळ्या म्हणजे शाळाशाळांतून गोळा करायच्या. कोण देईल? तुम्ही तरी बोट द्याल का?"

मी दिलं नसतं.

"गिरिजा अजून 'उद्या' म्हणते का हो?" तोंडाने विचारलं.

"म्हणते," मी म्हणाले.

"मग अजून थोडं थांबायचं तिच्यासाठी. आणि तुम्ही जेवलात का? फार दमलाय तुम्ही."

मला हे कधी कुणी म्हटलं नव्हतं. मी टेबलावर डोकं टेकलं. साहेबांनी मला तसंच बसू दिलं, माणूस वाईट नव्हता.

"मॅडमशी तुमचं जमतंय," थोड्या वेळाने ते म्हणाले. "या मुलांचं तुम्हाला कळतं. मदतीला पालक घ्यायची आपल्याकडं सोय आहे. येता का?"

वर्गात, बाकावर, तिच्याशेजारी बसलेली मी मला दिसले. मी हो म्हणाले.

सोमवारी शाळेच्या मैदानात जीप आली. मागे टॉवेलांची चळत होती. दुखलं काहीच नाही, उलट कंबर गेल्यावर बरं वाटलं. माझा उजवा हात नदीपलीकडच्या शाळेला गेला, डावा घाटाखालच्या गावाला. कान वस्तीशाळेला नको होते, ते दुसरीकडे दिले. तोंड साहेबांनी स्वतःच्या पिशवीत ठेवलं. आमच्या शाळेला माझ्यातलं काहीच मिळणार नव्हतं, कारण तिथं आधीच मॅडमचं बोट होतं.

दप्तर पाठीला लावून गिरिजा वर्गातून बाहेर आली आणि गाठोड्यांपाशी उभी राहिली. हिरेमठ सर साहेबांच्या जवळ जाऊन काहीतरी बोलले. साहेबांनी विचार केला आणि तिच्यासमोर वाकले. माझे डोळे तेवढे बांधायचे राहिले होते, म्हणून मला हे दिसलं. त्यांचे ओठ सावकाश, स्पष्ट हलत होते. आईचं काय ठेवू तुझ्याकडं, सांग. एकच.

गिरिजाने एकेका गाठोड्याकडे पाहिलं. मग तिची नजर कुठंच राहिली नाही. प्रश्न आत निघाला होता. ती उत्तर घेऊन परत येणार होती, येतेच ती. एवढंच सांगायचं होतं, आणि माझं तोंड पिशवीत होतं.

साहेब थांबले. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. शिपायाने रस्त्याकडे हात करून त्यांना काहीतरी विचारलं आणि साहेबांनी मान डोलावली. शिपाई शेवटचा टॉवेल झटकून माझ्यावर वाकला. त्याच्या कोपराखालून मला गिरिजा दिसत होती. तिने दप्तराचा पट्टा घट्ट धरला, माझ्याकडे पाहिलं, आणि टॉवेल खाली येता येता तिचे ओठ उघडले.