पत्रिका पूर्ण उघडून टोचावी

दुपार कलल्यानंतर सुंबरजाती गावच्या बॅडमिंटनच्या मैदानावर, ताडपत्रीच्या मांडवाखाली मतमोजणीस प्रारंभ झाला, तेव्हा सुरातमान गळ्यात साक्षीदाराचे ओळखपत्र अडकवून ताठ बसला होता. पहिल्या क्रमांकाच्या उमेदवारातर्फे मोजणीवर लक्ष ठेवण्याचे कर्तव्य त्याने स्वतः मागून घेतले होते, आणि त्यास कारणही तसेच होते. गावामागच्या चुनखडीच्या डोंगरातून जो झरा निघतो, त्यावर त्याची भातखाचरे, त्याच्या बायकोचा सोयाबीन आंबवून तेंपेच्या वड्या करण्याचा व्यवसाय आणि साऱ्या गावाची तहान अवलंबून होती. तो डोंगर फोडून सिमेंटचा कारखाना उभारण्याचा परवाना आपण रद्द करू, असे पहिल्या उमेदवाराने भर सभेत सांगितले होते. दुसऱ्याने वर्षाच्या आत कारखाना उभा करण्याचे वचन दिले होते. राष्ट्राध्यक्षपदाच्या त्या निवडणुकीचा सुरातमानच्या लेखी एवढाच अर्थ होता.

म्हणून तो कित्येक दिवस दारोदार हिंडला. मत द्यायचे ते मतपत्रिकेवरच्या उमेदवाराच्या छायाचित्रास खिळ्याने भोक पाडून. जुन्या दिनदर्शिकेच्या पानाची घडी घालून आणि हाती खिळा घेऊन तो म्हाताऱ्याकोताऱ्यांस शिकवी, "आधी पत्रिका पूर्ण उघडा, मग खिळा टोचा. घडीतच टोचलंत तर भोक पलीकडच्या उमेदवारालाही पडतं, नि मत वाया जातं."

"अहो, जेवताना तरी तो खिळा खाली ठेवा," त्याची बायको वागिनेम म्हणे. "एखाद्या दिवशी भातालाच टोचाल."

केंद्रप्रमुख पोनिमिन एकेक पत्रिका उलगडून उजेडासमोर धरू लागला. भोकातून ऊन चमके.

"पहिला!" पोनिमिन पुकारी.

"वैध!" जमलेले लोक गर्जत, आणि फळ्यावरच्या कागदावर एक रेघ वाढे. पहिल्याच्या रेघा ओळीमागून ओळी व्यापत चालल्या. सुरातमानचे अंतःकरण भरून आले.

इतक्यात समोरच्या कॉफीच्या टपरीवरून जुमादीने हाक मारली. हा तरणा गडी ट्रक चालवी, आणि कारखान्यात कायमची नोकरी मिळेल या आशेने तो दुसऱ्याच्या बाजूचा झाला होता.

"ओ सुरातमानकाका! घसा कशाला कोरडा करताय? टीव्हीवर सांगून मोकळे झाले. तुमचा गडी आपटला!"

"ते अंदाज असतात रे. खरी मोजणी ही इथं चाललीय."

"इथं तुम्ही शंभर वेळा जिंका की! देश काय या मैदानाएवढाच आहे? या, कॉफी घ्या. रडणाऱ्याला साखर जास्त घालतो."

प्रथम लोक हसले. नंतर एकेक जण टीव्ही पाहण्यास रस्ता ओलांडून गेला, आणि गेलेला कोणीही परतला नाही. साक्षीदारास मात्र शेवटची पत्रिका पाहिल्यावाचून उठता येत नाही. पोनिमिन पुकारत राहिला, आणि "वैध" म्हणण्यास दोनचार कंठच उरले. त्यांत एक क्षीण स्वर साकिनेम आजीचा होता. तिला डोळ्यांनी फारसे दिसत नसे.

"मी नीट उघडून टोचलं हं," ती सुरातमानकडे वाकून म्हणाली. "तू शिकवलंस तस्संच. आता राहील ना रे आपलं पाणी?"

सुरातमानने फळ्यावरच्या रेघांकडे नजर वळवली.

तेवढ्यात पोनिमिनने आणखी एक पत्रिका वर धरली. तीतून ऊन दोन ठिकाणी आले. पहिल्याच्या छायाचित्रात कपाळाच्या मधोमध मोठे भोक होते, आणि घडीपलीकडे तसेच दुसऱ्याच्याही चित्रात. भोकाच्या कडा पिळवटल्या होत्या, जणू टोचणाऱ्याने खिळा आत घालून वारंवार फिरवला होता.

सुरातमानने ते भोक तत्क्षणी ओळखले. सकाळी मतदानाच्या आडोशामागे तो उतावीळ झाला होता. पत्रिका अर्धीच उघडून त्याने खिळा नेमका कपाळावर रोवला होता, आणि मत पक्के बसावे म्हणून तो पुनःपुन्हा फिरवला होता.

"दोन भोकं," पोनिमिन म्हणाला. "कुणाचं घाईचं काम आहे कोण जाणे. साक्षीदार, काही हरकत?"

"नाही," सुरातमान म्हणाला. "बाद आहे."

सायंकाळी तो झऱ्यावर गेला. वागिनेम सोयाबीन धूत बसली होती.

"जिंकलो ना? मघाशी ओरडा इथवर येत होता."

"गावात जिंकलो."

"आणि बाहेर?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "माझं मत बाद झालं. मी घडीतच टोचलं."

"तुम्ही? अख्ख्या गावाचे मास्तर?" तिला हसू फुटले. परंतु त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष जाताच ते ओठांवरच विरले. "त्या एका मतानं काही हरला नाही तो."

"ठाऊक आहे. नीट टोचलं असतं तरी जिंकला नसता."

तिने सोयाबीनची टोपली धारेतून बाहेर काढली. टोपलीतले पाणी निथळून गेले. एरवी ती सोयाबीन एकदा अधिक धुऊ लागली की पाणी उगाच सांडते म्हणून तो चिडत असे. आज त्याने स्वतः टोपली उचलून पुन्हा धारेखाली धरली.

"झालं की हो स्वच्छ," ती म्हणाली.

"असू दे," तो म्हणाला. "धू आणखी."