हिऱ्याने ओळखलेला रोग

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर काचेच्या पेटीत तांदळाएवढा हिरा होता. त्यावर हिरवा प्रकाश पडे आणि हिरा लालभडक उजळे. ती लाली मोजणारा काटा पडद्यावर माणसाएवढा मोठा दिसत होता. रोगी पेटीवर हात ठेवी, क्वांटमगुरू त्यावर आपला उजवा हात ठेवत आणि काटा धाडकन खाली येई. मग गुरू डोळे मिटून फुंकर मारत, डावा हात ठेवत आणि काटा वर चढे. लोक डोळे पुसत.

"शरीरातले स्पिन उलटे झाले होते, सरळ केले," गुरू सांगत. "हिरा खोटं बोलत नाही."

खरंच बोलत नव्हता. तेवढं काम गुरूंनी स्वतःकडे ठेवलं होतं.

भाची मावशीला सोबत म्हणून आली होती. हिऱ्यात अडकलेल्या एका इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचं इवलंसं चुंबकपण, हवं तसं वळवायचं, हे तिचं प्रयोगशाळेतलं काम. त्या एकट्याची मनधरणी करता करता तिच्या नाकी नऊ येत. इथे एका फुंकरीत अब्जावधी स्पिन सुतासारखे सरळ होत होते.

"सोमवारचं ऑपरेशन मी रद्द करून टाकलंय," मावशी कुजबुजली. तिच्या छातीत गाठ होती. "काटा वर गेला की गाठ गेली."

"गाठ काट्याला विचारून आली होती का, मावशी?"

"तू गप्प बस. शिकलीस तेवढं पुरे."

मावशीची पाळी आली. गुरूंचा उजवा हात पेटीकडे सरकला आणि भाचीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अंगठी काढा."

प्रयोगशाळेत टेबलाजवळ येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगे. संचालकांनाही सोडत नसे.

गुरूंचा हात हवेतच थांबला. "ही परंपरेने आलेली आहे."

"अहो, काढा की," मावशी म्हणाली. "मला दारातच घड्याळ, बांगड्या, सगळं काढायला लावलंत. तुमचं काय अडलंय?"

सभागृहात कुणीतरी हसलं. आता गुरूंना अंगठी काढावीच लागली. त्यांनी मावशीच्या हातावर उजवा हात ठेवला. काटा ढिम्म.

भाचीने मावशीची चप्पल पेटीवर ठेवली आणि तिच्यावर अंगठी. काटा धाडकन खाली.

"चपलेचेही स्पिन उलटे झालेत," ती म्हणाली. "अंगठीत जबरदस्त लोहचुंबक आहे. या जातीचा हिरा चुंबकाजवळ मंदावतो, म्हणून तर आम्ही तो वापरतो. त्याला चुंबक कळतं, रोग कळत नाही. मावशीची गाठ आत्ताही आहे आणि काटा हललाही नाही."

"मग माझा गुडघा दुखायचा थांबला तो?" एका आजोबांनी विचारलं.

"सकाळपासून खुर्चीतच बसून आहात ना, आजोबा?"

"आज कंपनं दूषित झाली आहेत," असं म्हणून गुरू पडद्याआड गेले. अंगठी न्यायला विसरले नाहीत.

मोठा शब्द ऐकला की आपण मान डोलावतो, आणि ठगाला तेवढंच हवं असतं. शब्द कळला नाही तरी हरकत नाही. पण हात न लावता दाखव, अंगठी काढून दाखव, चपलेवर करून दाखव, एवढं म्हणायला पदवी लागत नाही. खऱ्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

मावशी पायरीवर बसून फोन कानाला लावून होती. "डॉक्टर, मी रद्द म्हणाले होते ना, ते राहू द्या," ती म्हणाली. "सोमवारी येतेय. उपाशीपोटीच यायचं ना?"