वच्छलाबाईच्या फोनले विचारा

करिश्माच्या घरात फोन वरून खाली उतरत यायचा. नवा फोन आला की तो भावाकडे, भावाचा जुना बाबांकडे आणि बाबांचा त्याहून जुना आईकडे. आईच्या, म्हणजे वच्छलाबाईच्या, हातात पडेस्तोवर त्याची काच तडकलेली असायची आणि चार्जर एका बाजूनं दाबून धरला तरच चालायचा. तिवश्याजवळच्या त्यांच्या गावात सगळ्याच घरांत हीच रीत. आणि गंमत बघा, संत्र्याच्या बागेत झाडाझाडाखाली वाकून पानं तपासणार कोण, तर घरातला सगळ्यात जुना फोन जिच्याकडे आहे ती.

हे करिश्माला कळलं ते तिचं ॲप आईच्या फोनवर तीनदा आपटून बंद पडल्यावर.

ती आणि अबोली नववीपासून एका बाकावर. शाळा अमरावतीला. करिश्मा रोज एसटीनं यायची; वकिलांची अबोली शाळेपासून दोन गल्ल्यांवर राहायची. दोघींनी मिळून ॲप काढलं होतं: संत्र्याच्या पानाचा फोटो घ्यायचा, ॲप रोग सांगेल. रंग, चित्रं, बटणं अबोलीची. आतला सगळा कोड करिश्माचा. अबोलीच्या फोनवर ते झकास पळालं. आईच्या फोनवर मात्र उघडलं रे उघडलं की बंद.

"माह्या फोनाले तुहं ॲप पचत नाई वाटते," आई म्हणाली.

खरंच पचत नव्हतं. पान ओळखणारं आतलं इंजिन दोन प्रकारचं मिळायचं, एक नव्या धाटणीच्या, ६४ बिटच्या फोनांसाठी, एक जुन्या ३२ बिटच्या. दोन्ही कोंबली तर ॲप एवढं फुगायचं की आईच्या फोनात जागाच उरत नव्हती. म्हणून करिश्मानं ठरवलं, ॲपनं उघडल्याबरोबर फोनचा प्रोसेसर, म्हणजे आतली चिप, ओळखायचा आणि लागेल तेवढंच इंजिन नेटवरून उतरवून घ्यायचं. तिनं चिपचं नाव वाचणारा कोड लिहिला. आईच्या फोनची चिप निघाली ६४ बिटची. ६४चं इंजिन दिलं, आणि ॲप पुन्हा आपटलं.

आठ दिवस ती त्याच एका गोष्टीला चिकटून बसली. एसटीत वाचायची, मधल्या सुट्टीत वाचायची. शेवटी सापडलं. स्वस्त फोनांत कंपनी कधी कधी चिप ६४ची टाकते आणि वर सिस्टीम ३२चीच बसवते. मग चिप कितीही दांडगी असू दे, सिस्टीम चालू देईल तेच चालणार. म्हणजे चिपचं नाव वाचून उपयोग नाही, सिस्टीमलाच विचारायचं, बाई गं, तुला काय काय चालतं? ती एक यादी देते. यादीत ६४ असलं तर ते इंजिन, नाहीतर ३२चं. जेमतेम पाच ओळी. त्या पाच ओळी आईच्या फोनवर चालल्या तेव्हा करिश्मा बागेत नाचली, आणि तिचं नाचून होईस्तोवर आईनं चार पानं तपासली.

अकोल्याला शाळकरी मुलांच्या ॲपचं प्रदर्शन होतं. "तुमच्याकडे नेट धड नसतं, फॉर्म मी भरते," अबोली म्हणाली. मग पंधरा दिवसांनी म्हणाली, "एकालाच बोलावलंय गं. मी गेले काय, तू गेलीस काय, एकच ना?"

करिश्माला ते पटलं. पण मैत्रीण एकटी उभी राहणार म्हणून तिला राहवेना, आणि आईलाही "माह्या फोनाचं ॲप" तिथं बघायचं होतं. अबोलीसाठी डब्यात मेथीचे पराठे घेऊन दोघी सकाळीच निघाल्या.

हॉलमध्ये शिरल्यावर तिनं आधी फलक वाचला. अबोली आणि सोहम. सोहम म्हणजे अबोलीचा आतेभाऊ, ज्यानं ॲप एकदा उघडून "कलर भारी आहे" एवढंच म्हटलं होतं. दोनच नावं होती. करिश्मानं फलक पुन्हा वाचला, नावं तीच राहिली.

परीक्षक बाई समोर उभ्या होत्या आणि अबोली छान बोलत होती.

"माझी आई संत्र्याच्या बागेत राबते, मॅडम. घरातला सगळ्यात जुना फोन तिच्याकडे. एकदा ती म्हणाली, माझ्या फोनाला तुझं ॲप पचत नाही. तिथून मला सुचलं."

बाई हसल्या, त्यांनी कागदावर काही टिपलं. शेजारी अबोलीची खरी आई, अनुपमाकाकू, कोरी साडी नेसून तीन कॅमेऱ्यांच्या फोनवर हे सगळं शूट करत होत्या.

"हे कोनाच्या मायचं सांगून राह्यली?" वच्छलाबाईनं हळूच विचारलं.

नाव गेल्याचं करिश्माला कळलं होतं. पण अबोली तर आईलाच उचलून घेऊन गेली होती, तिच्या बोलण्यासकट.

"पण चिपचं नावच का नाही वाचलंत? सोपं पडलं असतं," बाईंनी फलकावरच्या त्या पाच ओळी बघून विचारलं.

अबोलीनं सोहमकडे पाहिलं, सोहमनं फलकाकडे. "सांगते मॅडम, एक मिनिट." तेवढ्यात तिला करिश्मा दिसली. बाई शेजारच्या टेबलाकडे वळल्या तशी ती धावत आली.

"आलीस ते बरं झालं. चिपचं काय ते पटकन सांग ना."

"माहं नाव कुठं हाय?"

"अगं, टेबल, बॅनर, सगळं सोहमच्या बाबांनी केलं. त्याचं टाकावंच लागलं. दोनच नावं बसतात."

"मंग तुहं कावून नाई काढलं?"

अबोलीनं वळून बाई किती लांब आहेत ते पाहिलं. मग म्हणाली, "बक्षीस मिळालं तर अर्धं तुझंच आहे."

"नाव ठेव तुह्यापाशी. माही माय वापस दे. बाईले जाऊन सांग का बागेतली माय तुही नाई."

"एवढंसं तर वाक्य आहे, करिश्मा. ऐकणाऱ्याला भावलं पाहिजे म्हणून घेतलं."

बाई परत आल्या. करिश्मा थांबली. ही आता सांगेल, असं तिला अजूनही वाटत होतं. दोन वर्षं एका बाकावर बसलेली पोरगी, सांगेलच.

"मॅडम, ही माझी मैत्रीण," अबोली गोड हसून म्हणाली. "टेस्टिंगला हिनं थोडी मदत केली."

करिश्मानं आईच्या हातातला फोन घेतला आणि टेबलावर ठेवला. "चिप ६४ची असली तरी सिस्टीम ३२ची राहू शकते, मॅडम. हा फोन तसाच आहे. म्हणून चिपचं नाव नाही वाचायचं. सिस्टीमला विचारायचं."

बाईंनी तडकलेल्या काचेवर बोट फिरवलं, ॲप उघडलं. ते उघडलं आणि उघडंच राहिलं.

"हा फोन कोणाचा?"

"माहा," वच्छलाबाई म्हणाली. "आन ते पचाचं बी मीच बोल्ली होती."

अनुपमाकाकूंनी फोन खाली घेतला. बाईंनी आधी फलकाकडे पाहिलं, मग अबोलीकडे, आणि हातातल्या कागदावरची एक ओळ खोडली. कोणती, ते करिश्मानं पाहिलं नाही. निकालालाही ती थांबली नाही.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर मागे पडल्यावर आईनं विचारलं, "सोमवारी ते अबोली तुह्याच बाकावर बसन का?"

अबोलीसाठी आणलेला डबा करिश्मानं उघडला, आणि दोघींनी पराठे खाल्ले.